नाण्यांचा डबा पुन्हा उघडताना

छंद लागतो तेव्हा साऱ्या घराला कळते. सुटतो तेव्हा मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना काड्यापेट्यांची चित्रे, तिकिटे, नाणी गोळा करतो. पुढे परीक्षा येतात, नोकरी-धंदा येतो, निकाह होतो, लेकरे होतात. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर जातो, तिथून माळ्यावर. पुष्कळांचा तो तिथेच राहतो. काहींचा मात्र वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा खाली येतो. या महिन्यात आम्ही अशा खाली आलेल्या डब्याविषयी लिहिणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना वाटेल, नाणी जमवणे हा पैसेवाल्यांचा शौक, आपला त्याच्याशी काय संबंध? पण जरा आपापल्या घरात डोकावून पाहा. हजहून आलेल्या दादा-दादींनी खिशात उरलेले रियाल आणि हलाले पोरांच्या हातावर ठेवलेले असतात. दुबई-कुवेतला गेलेल्या मामूंचे दिरहम आणि फिल्स एखाद्या वाटीत पडलेले असतात. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर इमाम जामिन म्हणून बांधलेले नाणे सुखरूप पोचल्यावर गरिबाला दिले जाते, ही रीत कित्येक घरांत अजून आहे. ७८६ क्रमांकाची नोट तर पाकिटाच्या आतल्या कप्प्यात नाही असे घर विरळा. नानीच्या पेटीत एखादा राणीछाप रुपया निघतो. मराठवाड्यातून सून आली असेल, तर तिच्या माहेरच्या सामानात चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा हाली सिक्काही सापडतो. म्हणजे संग्रह आपल्या घरात आहेच. त्याला संग्रह म्हणण्याची सवय तेवढी नाही.

आम्ही राहतो ते तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. कलकत्त्याहून सुरतेकडे जाणारा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. इथूनच आष्टी आणि आर्वीकडे वाटा फुटतात. शेतात कपाशी, सोयाबीन, संत्री. आणि रस्त्याच्या कडेला ट्रक, ढाबे, पंक्चरची दुकाने. अब्बांचे दुकान अशाच ठिकाणी होते. गल्ल्यात येणारी चिल्लर संध्याकाळी मोजायचे काम आमच्याकडे असे. त्या चिल्लरीतून आमचा छंद सुरू झाला.

त्या काळी गल्ल्यात काय काय येत असे! सहा कोनांचा ॲल्युमिनियमचा तीन पैसा, कंगोरेदार दोन पैसे, चौकोनी पाच पैसे, कमळाचे चित्र असलेले पिवळे वीस पैसे. या वीस पैशांत सोने मिसळले आहे अशी आवई तेव्हा उठली होती आणि बायाबापड्या ती नाणी बाजूला काढून ठेवत. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या चेहऱ्याची नाणी निघाली. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हा पोरांना त्यांचे विशेष अप्रूप. दूरदूरच्या गाड्यांचे चालक नेपाळची, बांगलादेशची नाणी देऊन जात. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मधोमध भोक असलेला १९४३ चा तांब्याचा पैसा दिला आणि सांगितले, की त्यांच्या तरुणपणी लोक हा पैसा नटबोल्टला वायसर म्हणून वापरत. अम्मीच्या जवळचे चांदीचे बंदे रुपयेही हळूहळू आमच्या डब्यात आले. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा भरत गेला.

मग तो बंद झाला. छंद सुटण्याची कारणे माणसागणिक वेगळी असली, तरी आमच्या पाहण्यात ती तीन-चारच आहेत. पहिले, वेळ संपतो. दुसरे, जागा संपते. वाटणीत घर लहान होते आणि ज्याचा रोज उपयोग नाही ते आधी बाहेर जाते. तिसरे, जमवायचे सोपे तेवढे जमवून होते आणि पुढचे नाणे परवडण्यापलीकडचे असते. चौथे कारण सगळ्यांत मोठे. घरावर वेळ येते.

आमच्यावर ती आपांच्या निकाहच्या वर्षी आली. अब्बा आजारी, नागपूरच्या दवाखान्याचे हेलपाटे आणि त्यात कपाशीला भाव नाही. तेव्हा डब्यातले चांदीचे एकतीस रुपये सराफाकडे वजनावर गेले. लग्नाचा मंडप, जेवणाची देगची आणि अब्बांची दोन महिन्यांची औषधे त्यातून झाली. त्याचा पस्तावा आम्हाला कधी झाला नाही. आजही कुणी विचारले तर आम्ही हेच सांगू, की घरातल्या माणसापुढे नाणे कधी मोठे नसते. पण चांदी गेल्यावर उरलेल्या तांब्या-पितळेकडे बघवेना. झाकण लावले आणि डबा माळ्यावर टाकला. त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षे तो उघडला नाही.

या काळात बाहेर केवढे बदलले! ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. चार आणे, आठ आणे हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिले. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे आले, वीस रुपयांचे बारा कोनांचे आले. बेगम अख्तर यांच्या जन्मशताब्दीचे पाच रुपयांचे नाणे निघाले आणि आमच्या गल्ल्यातून ते केव्हा येऊन गेले ते कळलेही नाही. पुढे तर पोरे मोबाइलवरून पैसे देऊ लागली आणि गल्ल्यातली चिल्लरच आटली.

जुम्म्याच्या दिवशी सूरह कहफ पढणाऱ्यांना गुहेत झोपलेल्या तरुणांचा किस्सा ठाऊक आहे. शतकांच्या झोपेनंतर ते जागे होतात, भूक लागते आणि आपल्यातल्या एकाला चांदीचे नाणे देऊन ते शहरात पाठवतात. मुफस्सिरांनी पुढे सांगितले आहे, की दुकानदाराने ते नाणे पाहिले आणि तो थबकला. हा शिक्का तर कधीच्या काळच्या राजाचा! माणूस तोच, नाणे तेच, पण बाजार बदललेला. खूप वर्षांनी डबा उघडणाऱ्याची अवस्था काहीशी अशीच होते. आपण ज्याला चिल्लर म्हणून सोडून गेलो, तो इतिहास झालेला असतो.

आमचा डबा खाली आला तो सूनबाईंमुळे. घरात आमची बोली उर्दू वळणाची, पण शाळा मराठी. त्यामुळे अरबी-फारसी अक्षरे कुरआन शरीफपुरतीच येतात. सूनबाई अचलपूरकडच्या, उर्दू माध्यमात शिकलेल्या. लग्नाला सहा महिने झाले तरी त्या घरात जपूनच बोलत. विचारले तेवढे उत्तर द्यायच्या. त्यांना शिकवणीचे वर्ग काढायचे होते, पण घरात ते कुणी मनावर घेत नव्हते. रमजानपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरचा डबा त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो विचारून उघडला. आत एक जाडजूड, वेडेवाकडे तांब्याचे नाणे होते. आष्टीच्या एका शेतकऱ्याच्या घरून ते अब्बांना मिळाले होते आणि आमच्या वहीत त्याच्यापुढे 'ओळख नाही' एवढेच लिहिले होते.

सूनबाईंनी ते खिडकीशी नेले, उलटेसुलटे केले, बराच वेळ बोटाने अक्षरे चाचपली आणि म्हणाल्या, "अब्बा, यावर जर्ब लिहिलंय. आणि खाली एलिचपूर. हे तर आमच्या गावचं आहे!"

जर्ब म्हणजे ठोकणे, टांकसाळ. नाणे कुठे पाडले ते या शब्दापुढे लिहितात. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. इमादशाहीची ती राजधानी. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले तेव्हा सुभ्याचे मुख्य ठिकाणही तेच आणि मोगलांची टांकसाळही तिथे चालत होती. आमच्याकडे इतकी वर्षे पडून असलेले मुके नाणे घरात आलेल्या मुलीने वाचले. ते तिच्याच माहेरच्या गावी ठोकलेले निघाले. त्या संध्याकाळी जेवणाच्या दस्तरख्वानवर पहिल्यांदा सगळे त्यांचे बोलणे ऐकत होते. दोन महिन्यांनी त्यांचा शिकवणीचा वर्ग सुरू झाला. घरात आता तो सगळ्यांना हवाहवासा आहे.

वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोगल आणि सुलतानांची नाणी वाचायला आपल्या घरातली पोरे इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असतात. मकतबात शिकलेली अक्षरे इथे कामी येतात. नाण्यावर बादशहाचे नाव, 'जर्ब' पुढे गावाचे नाव, हिजरी साल आणि 'जुलूस' या शब्दाजवळ राज्यारोहणाचे कितवे वर्ष ते असते. एवढ्या चार गोष्टी ओळखता आल्या की अर्धे काम झाले. बरीच नाणी ठप्प्यापेक्षा लहान असल्याने मजकूर कडेला तुटतो. तेव्हा उरलेल्या दोन-तीन अक्षरांवरून शब्द जुळवावा लागतो. पोरांना हे कोड्यासारखे आवडते.

हिजरी सालावरून इसवी सन काढण्याचा ढोबळ हिशेबही सोपा आहे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणावे आणि त्यात ६२२ मिळवावेत. आमच्या शेजारच्या आष्टीचे उदाहरण घेऊ. तिथे मोहम्मद खान नियाझी या मोगल सरदाराचा मकबरा आहे. जहांगीर बादशहाने त्यांना आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे जहागीर म्हणून दिले होते. उजाड मुलूख त्यांनी पुन्हा लागवडीखाली आणला. त्यांचे निधन हिजरी १०३७ मध्ये झाले. हिशेब केला की १६२७-२८ येते. त्याच हिजरी सालात जहांगीर वारला आणि त्याच सालात शाहजहान तख्तावर बसला. म्हणून १०३७ हे साल असलेल्या नाण्यावर जहांगीरचे नावही असू शकते आणि शाहजहानचेही. मोहम्मद खानांच्या मागून आलेल्या अहमद खानांचा मकबराही आष्टीतच आहे, हिजरी १०६१ चा. त्याचे इसवी साल वाचकांनी स्वतः काढून पाहावे. आष्टीचे नाव निघाले की आपल्याला १९४२ चे हुतात्मे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण त्याच गावात तीनशे वर्षे आधीचा हा इतिहासही उभा आहे. आम्ही लहानपणापासून त्या वाटेने गेलो. पण आत जाऊन नीट पाहिले ते डबा पुन्हा उघडल्यावर.

नाण्याने इतिहास कसा कळतो याचा विदर्भातला मोठा दाखला म्हणजे तऱ्हाळा. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या या गावी १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा साठा मिळाला. दीड हजारांहून अधिक नाणी होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावे त्यांत निघाली. ती नाणी कुणी आटवून टाकली असती, तर ते राजे आपल्याला कळलेच नसते. आपल्या शब्दांतही नाणी दडलेली आहेत. दिनार हा शब्द रोमनांच्या देनारियसवरून आला, दिरहम ग्रीकांच्या द्राख्मावरून. आपला दामही त्याच द्राख्माचा नातलग. मुसलमानांच्या सुरुवातीच्या काळात रोमी आणि इराणी नाणीच चालत. हिजरी ७७ मध्ये खलीफा अब्दुल मलिक यांनी चित्राऐवजी केवळ मजकूर असलेला सोन्याचा दिनार काढला आणि तिथून इस्लामी नाण्यांची वेगळी घडण सुरू झाली. पुढे आपल्याकडे शेरशाह सूरीने चांदीचा रुपया पक्का केला. नावानिशी तो आजही आपल्या खिशात आहे. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांवरही नाव असे मोगल बादशहाचे. कोणाचे राज्य आणि नाण्यावर कोणाचे नाव, यांचा मेळ दरवेळी बसत नाही, हे पोरांना पुस्तकापेक्षा नाणे हातात घेऊन लवकर कळते.

आता डबा पुन्हा उघडणाऱ्यांसाठी कामाच्या काही गोष्टी.

पहिली म्हणजे नाणी घासू नका. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यांनी नाणे चकचकीत होते. पण वरचा थर जातो आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमतही जाते. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवावे, मऊ कापडाने टिपावे आणि पूर्ण सुकू द्यावे. नाणे कडेने धरावे, बोटांचा घाम चेहऱ्यावर लागू देऊ नये. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये काही वर्षांनी हिरवट चिकटा धरतो, तो तांब्याला खातो. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा साधी कोरी पाकिटे बरी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट. डब्यात सिलिकाची पुडी टाकावी आणि पाऊस सरल्यावर सारे काढून एकदा पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. नाणे कुठून आले, केव्हा आले, किती दिले, हे ज्याच्या त्याच्यापुढे लिहून ठेवावे. आमच्या वहीत 'आष्टीचा शेतकरी' एवढे दोन शब्द होते म्हणून त्या एलिचपुरी पैशाला आज पत्ता आहे.

तिसरी, सगळेच जमवायच्या मागे लागू नका. पहिल्या वेळी पोरवयात आपण दिसेल ते उचलतो. दुसऱ्या वेळी एक धागा धरावा. कुणी फक्त नव्या पैशांचा काळ घ्यावा. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि १९६४ पर्यंत नाण्यावर 'नये पैसे' असे. हा संच थोडक्या पैशांत पुरा करता येतो. कुणी टांकसाळीच्या खुणा घ्याव्यात. सालाच्या खाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. यात तर आजच्या गल्ल्यातली चिल्लर पुरते, वेगळा खर्चच नाही. आम्ही धरला आहे तो वऱ्हाड-नागपूरचा धागा. सूनबाई एलिचपूर बघतात, आम्ही उरलेले.

चौथी गोष्ट फसवणुकीची. ७८६ ची नोट, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, अमुक देवीचे नाणे लाखांना विकत घेतो, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कमिशनचे म्हणून पैसे मागतात आणि पुढे फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की अशा खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून शुल्क घेत नाही. खेड्यापाड्यात तांदूळ खेचणाऱ्या नाण्याच्या नावाखाली तर घरे बुडाली आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल घातलेली देवदेवतांची नाणी दाखवतात, मक्का-मदिनेची चित्रे असलेलीही दाखवतात. ती चलनी नाणी नव्हेत, ती नुसती टोकने आहेत. कंपनीने अशी नाणी कधी काढली नाहीत. ७८६ ची नोट ठेवायची तर आवडीने ठेवा. तिच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवू नका.

पाचवी गोष्ट कायद्याची. जुने घर पाडताना, विहीर खणताना, नांगरताना साठा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीवाचून परदेशी नेता येत नाहीत. आखाती देशात राहणाऱ्या भावाला भेट म्हणून नाणे पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिकायचे असेल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, नाण्यांचा मोठा साठा आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. १९८० मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. सहलीला शिर्डी-नाशिककडे जाणाऱ्यांनी पोरांना अर्धा दिवस तिथे जरूर न्यावे.

आता घरातल्या दोन नाजूक गोष्टी. संग्रह आणि साठेबाजी यांतली रेघ बारीक असते. माल गोळा करून मोजत बसणाऱ्याला कुरआनने दिलेला इशारा आपण सारे जाणतो. मिसरचा बादशहा फारूक हजारो सोन्याच्या नाण्यांचा धनी होता. १९५२ मध्ये तख्त गेले आणि १९५४ मध्ये कैरोत साऱ्या संग्रहाचा लिलाव झाला. रयत उपाशी आणि राजवाड्यात नाणी, असा तो संग्रह. आपल्या घरात तसे होऊ नये म्हणून आम्ही काही नियम घातले आहेत. महिन्याचा किराणा, फी आणि औषधे झाल्यावर उरले तरच नाणे घ्यायचे. कर्ज काढून तर मुळीच नाही. घेताना घरात सांगून घ्यायचे, लपवून नाही. आमच्या घरातून या शेवटच्या नियमाला पूर्ण पाठिंबा मिळाला, हे सांगायला नको.

दुसरी नाजूक गोष्ट जकात आणि वारसा. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. एक तोळा म्हणजे जुन्या चांदीच्या एका रुपयाचे वजन, ११.६६ ग्रॅम. म्हणजे नुसत्या जुन्या रुपयांनीच निसाब भरायचा तर साडेबावन्न रुपये लागतात. पण बाकीचे सोने, रोकड आणि मालही त्यात धरावा लागतो, त्यामुळे कमी नाण्यांतही जकात लागू होऊ शकते. छंद म्हणून ठेवलेल्या तांब्या-निकेलच्या नाण्यांचे काय, हे आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. चांदी-सोन्याची नाणी मात्र 'ही तर शौकाची' म्हणून हिशेबाबाहेर ठेवू नयेत. वारशाचेही तसेच. बाप गेल्यावर डबा एकट्या मोठ्या मुलाचा होत नाही, त्यात मुलींचाही वाटा असतो. नाणी वेगवेगळी करून संग्रह मोडायचा नसेल, तर जाणकाराकडून किंमत करून ज्याला ठेवायचा त्याने बाकीच्यांचा हिस्सा द्यावा. हे हयातीत सांगून ठेवले तर पुढचे तंटे टळतात. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही किंमती लिहून ठेवल्या आहेत, त्या याचसाठी.

आपांना हे कळले तेव्हा गेल्या ईदला त्या येताना एक पुडी घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेला पंचम जॉर्जचा एक चांदीचा रुपया त्यांनी भाच्याच्या हातावर ठेवला. "तुझ्या अब्बांचे एकतीस माझ्या लग्नाला गेले," त्या म्हणाल्या, "त्यातला हा एक घे, तीस उधार." सगळे हसले. आम्ही तो वहीत लिहिला. कुठून आला या रकान्यात 'आपांकडून' आणि किंमतीच्या रकान्यात काहीच नाही.

छंदाकडे परत येणाऱ्याने गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडत बसू नये. त्या वर्षांत त्याने लेकरे वाढवली, म्हातारे सांभाळले, घर उभे केले. पूर्वीसारखा हव्यास आता राहिला नसेल, पण समज वाढलेली असते आणि घरात शिकलेली पोरे असतात. तेव्हा वाचकहो, येत्या सुटीत माळ्यावर, ट्रंकेत, नानीच्या पेटीत काही आहे का बघा. सापडले तर घासू नका, विकायची घाई करू नका. घरातल्या लहानात लहान शिकलेल्याला बोलवा, त्याच्या हातात द्या आणि विचारा, "बघ बरं, यावर काय लिहिलंय?"